जेटचा नंबर कोण सांगणार?

जुनी आरएक्स १०० किंवा येझदी गॅरेजात घेऊन येणाऱ्याची तक्रार हल्ली ठरलेली असते. सकाळी किक मारून मारून पाय दुखतो, ॲक्सिलरेटर एकदम पिळला की गाडी क्षणभर अडखळते, घाटात तापते. ‘पंपवाल्याने पाणी मिसळलंय’ हे निदानही गिऱ्हाईक सोबतच घेऊन आलेले असते. पाणी बहुधा नसते. इथेनॉल असते, वीस टक्के, आणि ते सरकारने जाहीरपणे मिसळलेले असते.

एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला नऊ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. या वीस टक्क्यांच्या मिश्रणाचा, म्हणजे ई-२० चा, हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त द्यायला हवे. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर धुराचा वास घेतो आणि कॉम्प्युटर ही भरपाई बऱ्याच अंशी परस्पर करून टाकतो. कार्बोरेटरला डोके नसते, नुसती भोके असतात, म्हणजेच जेट. आरएक्स १०० ची भोके १९८५ ते १९९६ या काळातली. येझदीचा म्हैसूरचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. ती भोके त्या वेळच्या पेट्रोलच्या मापाने पाडलेली आहेत. आज त्यांतून तेवढेच इंधन येते आणि गाडी ‘हवा जास्त खाते’.

यात आपल्या ॲव्हरेजच्या वेडाची भर. लिटरमागे चार किलोमीटर जास्त मिळावेत म्हणून यातल्या कितीतरी गाड्यांना मेकॅनिकने कधीकाळी मापापेक्षा लहान जेट बसवून ठेवला आहे. टू-स्ट्रोक इंजिन असे उपाशी चालवले की पिस्टन तापून बोअरमध्ये पकडतो. इथेनॉल वाफ होताना थोडा गारवा देते हे खरे, पण आधीच काठावर असलेल्या इंजिनाला तेवढ्यावर सोडून देणे धाडसाचे. त्यावर कुणीतरी ‘ऑइल थोडं जास्त टाका’ असा सल्ला देतो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या येझदीत हा सल्ला उलटा बसतो. ऑइल वाढले, की त्याच भोकातून जाणारे पेट्रोल आणखी कमी होते.

खरा उपाय जेट बदलण्याचा आहे, आणि तो अवघड नाही. मेन जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळी तुकडा, अंगावर नंबर कोरलेला. मात्र त्याची सत्ता ॲक्सिलरेटर पाऊण पिळल्यानंतर सुरू होते. गावातल्या रहदारीत गाडी चालते ती स्लो जेट आणि नीडलवर, म्हणजे इंधनाच्या वाटेतल्या सुईवर. म्हणून नुसता मेन जेट मोठा करून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांची बाजू बरोबरच असते. नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवावी, म्हणजे नीडल वर उचलली जाते आणि मधल्या टप्प्यात इंधन वाढते. एअर स्क्रू थोडा आत घ्यावा. मग मेन जेट एक नंबर वर. सपाट, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण पिळून न्यावी, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. पांढरा असेल तर अजून उपाशी, काळा काजळलेला असेल तर अजीर्ण, बिस्किटी असेल तर जमले.

अडते ते जेटपाशी. जेट चोंदला की त्यात तार घालायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पितळ मऊ, भोक रुंदावते, अंगावरचा नंबर मात्र तोच राहतो. पुढचा मेकॅनिक त्या नंबरावर विसंबून हिशेब करतो आणि फसतो. बाजारातल्या डुप्लिकेट जेटच्या नंबरावर तर देवाचे नाव घेऊनच विश्वास ठेवायचा.

या सगळ्याबद्दल सरकारी खुलाशांत काय मिळते? जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, खर्च किरकोळ आहे, सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल. जेटबद्दल चकार शब्द नाही. ई-२० चे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते २०२५ वर ओढले गेले. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय ठेवा, ही मागणी घेऊन गेलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्क्यांचे मिश्रण आणले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे महागडे ‘सुपर’ पेट्रोल पंपांवर ठेवले. ज्याला जुनी गाडी जपायची त्याने जास्त पैसे मोजावेत, हा व्यवहार कुणालाही पटण्यासारखा आहे.

कोल्हापूर-सांगलीच्या उसाला इथेनॉलने चार पैसे मिळत असतील तर त्याला विरोध करायचे कारण नाही. ऊस कारखान्याला घालणारा आणि आरएक्स १०० फिरवणारा माणूस अनेकदा एकच असतो. त्याला हवा आहे तो एक कागद: कोणत्या मॉडेलला ई-२० वर कोणता जेट, नीडलची क्लिप कितव्या खाचेत, एअर स्क्रू किती फेरे. येझदीचे नाव नव्या गाड्यांवर लावून जुन्या आठवणींचे पैसे केले जात आहेत. तो कागद छापायला त्या पैशांतला कितीसा भाग लागेल?

हे मूठभर शौकिनांचे लाड आहेत, असे म्हणून विषय उडवून लावता येणार नाही. बीएस-६ चा नियम लागू झाला १ एप्रिल २०२० रोजी. तोपर्यंत विकल्या गेलेल्या बहुतेक साध्या मोटारसायकलींना कार्बोरेटरच होता. दूधवाल्याची, पोस्टमनची, ऊसतोड मुकादमाची स्प्लेंडर रोज ई-२० वरच धावते आहे, आणि तिचाही जेट कुणी बदललेला नाही.