बाटली आडवी झाली, पुढे काय?

दारूबंदीच्या चळवळीबद्दल काही टीका करायची म्हटली की आपल्यातल्याच मैत्रिणी म्हणतात, "आत्ता नको. दारूवाल्यांना आयते कोलीत मिळेल." मला हे पटत नाही. चळवळीतले कच्चे दुवे दारूवाल्यांना आपल्या आधीच माहीत असतात. मी दारूबंदीच्या बाजूची आहे. दिवसभराची मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर जाते आणि रात्री मार खावा लागतो, अशा बाईला व्यक्तिस्वातंत्र्याचे धडे देणाऱ्यांशी माझा वाद आहे आणि तो राहील. पण आज मला बोलायचे आहे ते आपल्या आपल्यात.

चंद्रपूर जिल्ह्याचेच पाहा. 2010 च्या डिसेंबरात श्रमिक एल्गारच्या पुढाकाराने हजारो बायका चिमूरहून पायी नागपूरला विधानभवनावर गेल्या. पुढेही मोर्चे, निवेदने चालू राहिली आणि अखेर 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने ती उठवली. इतक्या वर्षांच्या लढ्याचे फळ जेमतेम सहा वर्षे टिकले. सरकारने कारणे दिली ती अशी: अंमलबजावणी फसली, अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, बायका-मुले चोरट्या विक्रीत ओढली गेली. ज्यांनी अंमलबजावणी करायची त्यांनीच ती झाली नाही म्हणून बंदी उठवायची, ही उघड लबाडी आहे. तेव्हा कोरोनाची दुसरी लाट होती, बायकांना रस्त्यावर उतरणे अवघड होते, हेही खरे. तरी प्रश्न उरतोच. या सहा वर्षांत गावोगाव काय घडते आहे याची आपली स्वतःची नोंद कुठे होती? सरकारी समितीच्या अहवालासमोर ठेवायला बायकांचा अहवाल का नव्हता?

हे एकट्या चंद्रपूरचे नाही. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटाच्या बायकांनी साक्षरता वर्गातून बळ घेऊन अरकच्या दुकानाविरुद्ध लढा दिला. 1993 साली अरकवर आणि जानेवारी 1995 मध्ये सगळ्याच दारूवर बंदी आली. 1997 साली सरकारने ती मोठ्या प्रमाणात मागे घेतली. दारूच्या पैशावर तिजोरी चालवण्याची सवय लागलेले सरकार बंदीचा आदेश काढते तेव्हा तो मागे घेण्याची वाटही बघत असते. म्हणून आदेश निघाला की चळवळीचे काम वाढते. आपल्याकडे मात्र गुलाल उधळला, सत्कार झाले की गट पांगतात आणि राखण पोलिसांवर सोपवली जाते. ज्या चौकीला दारूवाल्याचा हप्ता जातो तिच्याच भरवशावर!

दुसरा मुद्दा मतदानाचा. 2008 च्या आदेशाने उभी बाटली-आडवी बाटली हे हत्यार गावांतल्या आणि शहरी वॉर्डांतल्या बायकांच्या हाती आले. पण त्याची मेख आपल्या प्रचारात नीट सांगितलीच जात नाही. त्या पद्धतीत 25 टक्के बायकांच्या सह्यांनी मागणी करायची, आणि दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडायची. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या. समजा यादीत 1000 बायका आहेत, 700 आल्या, 480 जणींनी आडवी बाटली केली आणि 220 जणींनी उभी. दुपटीहून जास्त मते मिळूनही आपण हरलो! घरी राहिलेली बाई, ऊसतोडीला गेलेली बाई, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, इतकेच काय, वारलेली म्हातारी, या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात.

हा नियम अन्यायाचा आहे आणि तो बदलून घेण्यासाठी लढले पाहिजे. पण तो असेपर्यंत मतदानाची खरी लढाई यादीवर होते. प्रभातफेऱ्या, पथनाट्ये हवीतच. त्याआधी दोन महिने यादी घेऊन घरोघर जायला हवे, कोण गावात आहे, कोण नाही ते बघायला हवे, नावे कमी करण्याचे अर्ज द्यायला हवेत, आणि मतदान ऊसतोडीच्या हंगामात येणार नाही असे पाहायला हवे. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचा फोटो पेपरात येत नाही.

तिसरा मुद्दा जास्त अडचणीचा आहे. हातभट्टीवर धाड पडते तेव्हा सापडते कोण? पुष्कळदा एखादी विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई, नाहीतर मोहाची दारू गाळणारी आदिवासी बाई. माल पुरवणारा नामानिराळा राहतो. बिहारमध्ये एप्रिल 2016 पासून दारूबंदी आहे. तिथे तुरुंग गरिबांनी भरले आणि 2018 व 2022 साली कायदा सौम्य करावा लागला. नवरा आत गेला की जामिनासाठी कर्ज काढते तीही बाईच. आपल्या मागणीपत्रात पुरवठादारावर कारवाई पहिल्या क्रमांकावर आणि विकणाऱ्या बाईच्या रोजगाराची सोय दुसऱ्या क्रमांकावर असली पाहिजे. तिला गावासमोर उभे करून तिची मडकी फोडणे हा मला स्त्रियांचा विजय वाटत नाही.

आणि शेवटचे. "दारू गेली की मार जाईल" असे व्यासपीठावरून सांगणे थांबवू या. दारूने मार वाढतो, पण शुद्धीवर असलेले नवरेही मारतात. साहेबाच्या अंगावर हात टाकत नाहीत, बायकोवर टाकतात, ते दारूच्या अमलाखालीसुद्धा नेमके. बंदीनंतरही मार चालू राहिला तर ती बाई म्हणणारच की चळवळीने फसवले. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता बाटलीच्या प्रचारातच तिच्यापर्यंत पोचला पाहिजे.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. मतदानाचा अर्ज देण्याआधी त्या वेळी लागू असलेला आदेश सगळ्याजणींनी मिळून वाचावा. बंदी झाली की त्याच दिवशी गावात बायकांची देखरेख समिती बसावी आणि तिने दर महिन्याला वहीत नोंद ठेवावी: कुठे विक्री होते, तक्रार कधी दिली, पोलिसांनी काय केले, किती घरांत मारहाण झाली. दर सहा महिन्यांनी ती नोंद ग्रामसभेत वाचली जावी. म्हणजे उद्या कोणी म्हणाले की बंदी फसली, तर कोणामुळे फसली ते तारीखवार सांगता येईल.

मैत्रिणींनो, यावर आपापल्या गटात चर्चा करा. माझे कुठे पटत नसेल तर तेही कळवा. पुढच्या अंकात तुमचे अनुभव वाचायला मला आवडेल, विशेषतः जिथे बाटली आडवी झाली आणि आडवीच राहिली त्या गावांचे.