गादे पाहावयास जातांना

सुटींत मुलाबाळांसह मालवण-निवतीकडे जाणारीं कुटुंबें आतां पुष्कळ झालीं आहेत. सकाळीं होडींत बसून डॉल्फिन पाहून यावयाचे, हा तेथील नेमाचा कार्यक्रम होय. तिकडील मच्छीमार त्यांस 'गादा' म्हणतात. गादा हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनीं श्वास घेतो, मादी पिलास दूध पाजते. आपणांस त्याची पाठ दिसते, ती तो श्वासासाठीं वर येतो तेव्हां. चार होड्यांनीं त्यास घेरलें, तर तो धड श्वासही घेऊं शकत नाहीं. आणि ज्या ध्वनीच्या आधारें तो गढूळ पाण्यांत भक्ष्य शोधतो, तो यंत्राच्या घरघरींत बुडतो.

वेंगुर्ल्यासमोरील बेटांच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेचीं घरटीं बांधतात. परदेशीं त्यांचें सूप करतात, म्हणून तीं चोरून नेलीं जात. २००१ सालीं हा प्रकार उघडकीस आला.

वन्यजीव संरक्षण कायद्यानें या दोन्ही जीवांस अभय दिलें आहे. परंतु होडींत कायदा नसतो, आपण असतों. नावाडी पाठलाग करतो तो बहुधा आपण 'आणखी जवळ' म्हणतों म्हणून, आणि दर्शन न झाल्यास पैशांवरून वाद होईल या धास्तीनें. यास्तव घरांतील वडीलधाऱ्यांनीं निघण्यापूर्वींच त्यास सांगावें कीं, दूर थांबा, यंत्र मंद ठेवा; गादे दिसोत वा न दिसोत, ठरलेले पैसे आम्ही देऊं. हें बोलणें मुलांच्या कानांवर पडलें, तर सहलीचें निम्मे शिक्षण किनाऱ्यावरच झालें असें आम्ही समजूं.