सुट्टे द्या, नायतर उतरा

९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या गाडीचं किमान भाडं ५ वरून १० झालं, एसीचं ६ वरून १२. एसीत वीसची नोट दिली की आठ रुपये परत. मिळतात का? "सुट्टे द्या, नायतर उतरा!" दोन दिवस आठ-आठ बुडाले की सोळा झाले. म्हणजे एक अख्खं तिकीट, वर चार.

साहेब लोक म्हणतात, मोबाईलवर काढा. धुणीभांडी करणाऱ्या मावशीच्या कनवटीला रोजाची नोट असते. ती काय खोटी आहे?

एके काळी दुकानदार आपल्या हातावर चिल्लर वरून टाकायचा, विटाळ नको म्हणून. आता टाकतच नाही.

कंडक्टरवर दात खाऊ नका, दोस्तहो. तोही पोटार्थीच. डेपोतून निघतानाच त्याची थैली हलकी, दोन स्टॉपात चिल्लर खलास. शिव्या मात्र त्यालाच. भाडं दुप्पट करताना बारा हा आकडा ज्यांनी ठरवला, त्यांनीच दर फेरीला दोन-पाचची नाणी पुरवावीत. डेपो मॅनेजरला घेराव घालून हेच विचारायचं. आणि तोवर मावशीने सीट सोडू नये, आठ रुपये हातात पडेपर्यंत.