पंधरा वर्षांच्या गाडीचं काय करायचं?

परवा लातूरहून येताना औशाच्या पुढे आमच्या गाडीने मान टाकली. बॉनेटमधून वाफा, मागच्या सीटवर वडील, रात्रीचे साडेनऊ. ओळखीच्या टेम्पोवाल्याने निलंग्यापर्यंत ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी यादी हातात दिली: रेडिएटर, हेड गॅसकेट, क्लच प्लेट, पुढचे दोन शॉकअप. मजुरीसकट 42 हजार. गाडी 2010 ची, पेट्रोल, 1 लाख 38 हजार किलोमीटर पळालेली. नोंदणीची मुदतही पुढच्या महिन्यात संपतेय.

तेव्हापासून चौकात जो भेटतो तो एकच सांगतो, "पत्रकार, विका आता. साठ हजाराच्या गाडीला बेचाळीस हजार लावता का?"

हिशोब ऐकायला चोख वाटतो, पण तो चुकतो. गाडी विकून साठ हजार आले तरी दर महिन्याला वडिलांना लातूरला तपासणीला न्यायचंच आहे. म्हणजे 42 हजारांची तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी नाही, नव्या गाडीच्या हप्त्याशी करायला पाहिजे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, शोरूमवाल्यांचे फोन सुरू झाले. पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता बसतो साधारण साडेदहा हजार. चार महिन्यांचे हप्ते म्हणजे आख्खी दुरुस्ती! पाच वर्षांत नुसतं व्याजच 1 लाख 30 हजार. तालुक्याच्या पत्रकाराचं मानधन किती असतं ते इथे लिहीत नाही, अब्रू जाते.

आता दुसरा गैरसमज. "पंधरा वर्षं झाली, गाडी भंगारात घालावीच लागते." नाही हो. ती दिल्लीची बातमी. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली, 2018 साली सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. पुढे त्यावर बरंच काही चाललंय, पण आपल्याकडे तो नियम नाही. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांचं रिपासिंग मिळतं. फक्त जी फी 600 रुपये होती, ती 1 एप्रिल 2022 पासून 5 हजार झाली. वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट 2025 पासून 10 हजार. पर्यावरण कर वेगळा.

माझा राग इथे आहे. फी गाडीच्या वयावर आहे, धुरावर नाही. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणारी, सर्व्हिसिंग न चुकवलेली माझी गाडी म्हातारी. आणि सहा वर्षांत दोन लाख किलोमीटर पळालेली, काळा धूर ओकणारी ठेकेदाराची डिझेल गाडी तरुण! तिला फक्त पीयूसी लागते, आणि पीयूसी कशी मिळते ते मी तुम्हाला सांगायला नको. 2021 च्या स्क्रॅप धोरणात जुन्या गाडीचे मिळणार किती, तर नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के. सहा लाखांच्या गाडीवर 24 ते 36 हजार. रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सवलत आहे, पण ती नवी गाडी घेणाऱ्याला. मग साठ हजार देणारा दलाल सोडून स्क्रॅप सेंटरला कोण जाईल? जुनी गाडी रस्त्यावरून जात नाही, फक्त मालक बदलते, आणि तीही अधिक गरिबाकडे जाते.

पेट्रोलचंही आहे. ही गाडी बनली तेव्हा पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल नव्हतं. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग बदलावे लागतील असं सरकारच म्हणतंय. (उसाच्या पट्ट्यात बसून इथेनॉलला नावं ठेवणं अवघडच.) मिस्त्रींना पाईप आणि वॉशर बदलायला सांगितलेत, म्हणजे 42 चे 44 झाले.

एका गोष्टीचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. त्या रात्री टेम्पोच्या मागे दोरखंडावर येताना मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, आपल्या गाडीला एअरबॅग आहे का?" नाही. एबीएसही नाही. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली 2019 ला, शेजारच्याची 2021 ला. आमची त्याच्या किती आधीची. उसाच्या ट्रॉल्या रिफ्लेक्टरविना चालतात, त्या रस्त्यावर हा हिशोब हप्त्यात बसत नाही.

तरी दुरुस्तीच करतोय. आधी मिस्त्रींनी गाडी वर घेऊन खालचा पत्रा ठोकून दाखवला. गंज लागलेला असता तर तिथेच विषय संपवला असता, कारण इंजिन दुरुस्त होतं, सडलेला सांगाडा होत नाही. पत्रा शाबूत आहे. रिपासिंग करून घेईन. पण रात्री लातूर नाही. डॉक्टरांची सकाळची वेळ मागून घेतली आहे, आणि दर महिन्याला तीन हजार वेगळ्या खात्यात टाकायचं बायकोने ठरवलंय, मला न विचारता.

गाडी शनिवारी मिळेल. तोपर्यंत सोमवारी सकाळी लातूरला कुणाच्या गाडीत दोन जागा असतील तर कळवा, वडिलांना न्यायचंय.