हस्तलिखितांचे अंकीय जतन : वेग आणि सुरक्षितता
हस्तलिखितांच्या प्रतिमा अनेक हार्ड डिस्क जोडून साठविताना वेगाचा मोह प्रथम होतो. माहिती चार डिस्कवर नुसती विभागल्यास वेग वाढतो खरा. परंतु एक डिस्क निकामी होताच सारा संग्रह हातचा जातो. ‘रेड ५’ या रचनेत एका डिस्कइतकी जागा आणि लेखनाचा काही वेग खर्ची पडतो, मात्र एका डिस्कचा नाश सोसला जातो. पोथीची प्रतिमा एकदाच साठविली जाते, पाहिली वारंवार जाते; म्हणून हा व्यय अभ्यासकाने स्वीकारावा. तथापि चुकून पुसलेले पान अशा रचनेतूनही पुसलेच जाते. स्वतंत्र प्रत अन्यत्र हवीच. मूळ लीळाचरित्र नष्ट झाल्यावर ते पुन्हा सिद्ध झाले ते अनेकांच्या स्मरणातून, असे महानुभाव परंपरा सांगते. ती माणसे एकाच पेटीत नव्हती.