घरचा पुलर

मंडळी, मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि गाडीला गंज चढतो. आमच्या जुन्या कोरोलाचा हब अॅक्सलला असा चिकटला की हातोडा मारून दंड भरून आले. (हातोड्याने बेअरिंगचीही वाट लागते, ते वेगळंच.) शेवटी अर्धा इंच जाड पोलादी पट्टीला 100 मि.मी. अंतरावर दोन भोकं पाडली, बरोबर मध्ये तिसरं, त्यावर नट वेल्ड केला. पट्टी समोरासमोरच्या स्टडांवर आवळायची नि मधला बोल्ट अॅक्सलच्या टोकावर पिळत न्यायचा. अॅक्सलचा नट सैल करून टोकाशी ठेवा, आटे वाचतात. गाडी नुसत्या जॅकवर कधीच नको, खाली स्टँड हवेतच! चौथ्या पिळाला 'टण्ण' झालं. सौ. धावत आली, "अहो, पाय जागेवर आहेत ना?"