अनुदान पोत्याला, मग हाताला का नाही?

युरियाचे पोते स्वस्त आहे, म्हणून ते हाताने फोकून दिले की काम झाले, असा समज आपल्या खेड्यापाड्यांतून रूढ झाला आहे. दुकानदार तेच सांगतो, शेजारचा बागायतदार तेच करतो आणि त्याचे पाहून दोन एकरांचा आपला माणूसही तेच करतो. चार दिवसांत पीक हिरवेगार दिसते आणि मन भरते. पण त्या पोत्यातील किती खत पिकाच्या मुखी लागले आणि किती वाऱ्यावर गेले, याचा हिशेब कोणी विचारत नाही. हा हिशेब आज मांडला पाहिजे, कारण त्याची किंमत बागायतदारापेक्षा कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन मजूर अधिक मोजतो आहे.

45 किलोच्या पोत्यात 46 टक्के, म्हणजे सुमारे 20.7 किलो नत्र असते. भातखाचरात युरिया वरून फोकला तर त्यातील साधारण 30 ते 40 टक्केच नत्र पिकाला मिळते. उरलेल्यातील काही मातीत राहते. पण मोठा वाटा हवेत आणि पाण्यात निघून जातो. पोते पाठीवर वाहून आणायचे आम्ही आणि अर्धे उडून जाणार आकाशात! हा कोणता न्याय?

हे का घडते? युरिया ओल्या मातीवर पडला की मातीतील युरिएज नावाचे विकर काही दिवसांतच त्याचे अमोनियमध्ये रूपांतर करते. वर उघड्यावर पडलेल्या खतातून अमोनिया वायू सरळ हवेत जातो. उष्णता जितकी अधिक आणि माती जितकी विम्लधर्मी, तितकी ही गळती वेगाने होते. मराठवाडा-विदर्भाच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत नेमके हेच होते. मातीत उरलेल्या अमोनियमचे जिवाणू नायट्रेट बनवतात. नायट्रेटला चिकणमाती धरून ठेवत नाही. कोकणातील जांभ्या जमिनीवर धो धो पाऊस कोसळतो तेव्हा ते पाण्याबरोबर खाली झिरपते. खाचरात पाणी साचून राहिले तर दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्रेटचा पुन्हा वायू करतात. त्यातील नायट्रस ऑक्साइड हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट घातक आहे. थंड देशांत जे संथपणे चालते, ते आपल्या उष्ण मुलखात झपाट्याने होते. म्हणून तिकडची सवय इकडे चालत नाही.

खाली झिरपलेले नायट्रेट जाते कुठे? विहिरीत आणि हातपंपात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालानुसार देशातील 440 जिल्ह्यांत कुठे ना कुठे ही मर्यादा ओलांडली गेली, आणि महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुने मर्यादेबाहेर होते. याला सांडपाणी आणि उकिरडेही जबाबदार आहेत, हे मान्य; पण शेतातील वाया गेलेले खत हे त्याचे मोठे कारण आहे. असे पाणी घालून बाटलीचे दूध पाजलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, अंग निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. ज्याच्या घरी शुद्धीकरणाचे यंत्र आहे, तो सुटतो. ज्या वस्तीची सारी भिस्त एका हातपंपावर आहे, तिने काय करावे? पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी 1927 साली महाडला जावे लागलेल्या समाजाने पाण्यात काय मिसळले आहे, हेही विचारायला शिकले पाहिजे.

बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमीन किफायतशीर आहे की नाही हे केवळ तिच्या आकारावरून ठरत नाही, तिच्यावर भांडवल, अवजारे आणि श्रम कोणत्या प्रमाणात लागतात यावरून ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. हे सूत्र खतालाही लागू पडते. खत हे लहान शेतकऱ्याचे रोख भांडवल आहे. ते अर्धे वाया गेले तर त्याची जमीन सातबारावर दोन एकर असली, तरी उत्पन्नाच्या दृष्टीने आक्रसते.

मग उपाय नाहीत काय? आहेत, आणि ते आपल्याच मातीत तयार झालेले आहेत. ज्या कोकणातील खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, त्याच कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने खताच्या ब्रिकेटचा प्रसार केला. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत युरिया आणि डीएपी एकत्र दाबून 2.7 ग्रॅमची गोळी करतात. लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या मधोमध एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल चिखलात खोचतात. तिथे नत्र मुळांजवळ राहते, हवेत उडत नाही, पुराच्या पाण्याबरोबर वाहत नाही. बांगलादेशात याच पद्धतीला गुटी युरिया म्हणतात. तिने युरिया सुमारे एक तृतीयांश कमी लागतो आणि पीकही वाढते. पाणी भराभर मुरणाऱ्या रेताड जमिनीत मात्र ती तितकी लागू पडत नाही.

कोरडवाहू शेतात याहून साधी गोष्ट पुरते. वाफसा असताना खत ओळीच्या बाजूला द्यावे आणि लगेच कोळपून मातीआड करावे. सगळे एकदम न देता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्यांनी द्यावे. भाताच्या पानाचा हिरवेपणा रंगाच्या तक्त्याशी ताडून पाहावा. हा तक्ता महाग नाही. तूर-मुगाचे आंतरपीक आणि बांधावरील गिरीपुष्पाचा पाला जमिनीला फुकट नत्र देतो.

सरकारने काय केले? 2015 पासून देशात तयार होणारा सर्व युरिया निंबोळी तेलाच्या लेपाचा करण्याचे बंधन घातले. त्याने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. पण उघड्यावर फोकलेल्या युरियातून उडणारा अमोनिया त्याने थांबत नाही. 2010 मध्ये स्फुरद-पालाशच्या खतांचे धोरण बदलले, त्यांचे भाव चढले. युरिया मात्र त्यातून वगळला. साहजिकच गरीब शेतकऱ्याने स्वस्त तेच उचलले. 2021 मध्ये नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आली. 4 टक्के नत्राच्या हिशेबाने तिच्यात भरते 20 ग्रॅम नत्र. पोत्यात 20.7 किलो, बाटलीत त्याचा हजारावा भाग! ही बाटली पोत्याची जागा घेते, असे सांगणाऱ्यांनी आधी हे गणित सोडवून दाखवावे.

खरी मेख पुढेच आहे. चारसूत्री पद्धतीत हेक्टरी सुमारे 62,500 गोळ्या लागतात. त्या एकेक करून चिखलात खोचतो कोण? कमरेत वाकून, गुडघाभर पाण्यात उभी राहणारी मजूर बाई. ती बहुतेक वेळा आपल्या वस्तीतील असते. तिची मजुरी लहान शेतकऱ्याला परवडत नाही म्हणून तो पुन्हा फोकण्याकडे वळतो. शास्त्र गावापर्यंत येते आणि मजुरीपाशी अडते.

2022-23 या एका वर्षात खतांच्या अनुदानावर केंद्राने अडीच लाख कोटींच्या आसपास खर्च केला. हा पैसा पोत्यामागे कंपन्यांना मिळतो. पोत्यातील नत्र हवेत गेले तरी मिळतो! मग तेच नत्र मातीत रोवून वाचवणाऱ्या हाताला त्यातील वाटा का नको? ज्या महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याने लहान शेतकऱ्याच्या खाचरात गोळ्या खोचण्याची मजुरी सरकारी खर्चाने द्यावी. वाचलेल्या युरियाच्या अनुदानातून तिचा मोठा भाग निघू शकतो. गोळ्या बनवणारे यंत्र महिला बचत गटांच्या हाती द्यावे. बटाईने आणि गायरानावर कसणाऱ्यांनाही, सातबारावर नाव नाही म्हणून, यातून वगळू नये. आणि प्रत्येक वस्तीच्या हातपंपाचे नायट्रेट तपासून आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत ही शेवटची मागणी आधी करावी. तिला फार पैसा लागत नाही. आपण काय पितो हे कळल्यावर, आपल्या शेतातून काय वाहून जाते हा प्रश्न लोक आपण होऊन विचारतील.